दावणीची मुळं

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या. ऐकणारा लांब बसला की सांगणाऱ्याचा जीव रमत नाही, हे मी कीर्तनांतच शिकलो. आज एक आख्यान सांगतो. यात राजा नाही, राक्षस नाही, शापही नाही. एक सासू आहे, एक सून आहे, आणि वीस हजार लिटरच्या टाकीत वाढलेली, वर झाड नसलेली मुळं आहेत. आख्यान संपलं की तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. ते शेवटी.

साल दोन हजार एकसष्ट. सिंधुदुर्गातलं तारखोल नावाचं खाडीकाठचं गाव. घरं अडीचशे. समुद्र चढत चढत खाडीत शिरला आणि वीस वर्षांत गावातली एकेक विहीर खारी झाली. शेवटची खारी झाली ती देवळामागची. त्या दिवशी पुजाऱ्याने देवाला अंघोळ घातली आणि तीर्थ तोंडाला लावून तो तसाच उभा राहिला, थुंकायचं कसं म्हणून.

मग कुंड आलं.

आता थोडं शास्त्र ऐका. अवघड नाही. पृथ्वीच्या पाठीवर जीवांची मोठमोठी बिऱ्हाडं आहेत. शास्त्रज्ञ त्यांना बायोम म्हणतात. उत्तरेच्या गोठलेल्या दलदली, विषुववृत्ताची दाट जंगलं, गवताळ माळ, वाळवंटं, समुद्रातलं डोळ्यांना न दिसणारं हिरवं पीठ. प्रत्येक बिऱ्हाड आपल्यासाठी काही ना काही राबतं. दलदल कोळसा होऊ पाहणारा पाला हजारो वर्षं पोटात धरून ठेवते. जंगल आभाळात वाफ सोडतं आणि दूर कुणाच्या तरी शेतावर ती पाऊस होऊन पडते. आपल्या छातीत आत्ता गेलेल्या श्वासातल्या प्राणवायूचा मोठा वाटा समुद्रातल्या त्या पिठाने केलेला आहे. आपण कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

खाडीकाठचं कांदळवन हे असंच एक बिऱ्हाड. कांदळ मिठाच्या पाण्यात उभा राहतो आणि गोडं पाणी पितो. त्याच्या मुळाच्या सालीत मेणासारख्या पेशींचा पडदा असतो. पाणी आत येतं, मीठ बाहेर राहतं. शास्त्रज्ञांनी काय केलं, तर कांदळाच्या त्या कामापुरतं जेवढं लागतं तेवढंच उचललं. झाड नको, पानं नकोत, चिखल नको, खेकडे नकोत. नुसती मुळं टाकीत वाढवली, चटईसारखी, थरावर थर. वरून पानं जी ओढ देतात ती सौरपंपाने दिली. टाकीत एका बाजूने खाडीचं पाणी जाई आणि दुसऱ्या बाजूने शहाळ्याच्या तोडीचं पाणी येई. हेच ते कुंड.

पण पान नाही म्हणजे स्वयंपाकघर नाही. मुळं खाणार काय? त्यांना अन्न बाहेरून द्यावं लागे. ते गावाने दिलं. रोज सकाळी घरोघरचं तांदळाचं धुवण आणि पेजेची निवळ कुंडाच्या भरणपात्रात पडे. मुळं त्यावर जगत आणि गाव मुळांवर.

कुंडावर नेमणूक होती शर्वरी कुबलची. वय तेहेतीस, रसायनशास्त्र शिकलेली, बोलायला कमी आणि मोजायला पक्की. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात ती आणि सासू रेश्माकाकू. सासू सत्तरीला आलेली, साखरेची दुखणेकरी, अनवाणी चालणारी, हाताने सढळ. सुनेचं सगळं ग्रॅममध्ये आणि सासूचं सगळं ओंजळीत. अन्नाला मोजमाप लावलं की बरकत जाते, असं सासू म्हणे. सून म्हणे, बरकत जाऊ दे, मुळं राहू देत. भांडण नव्हे ते. दोघींची रोजची चहाबरोबरची बिस्किटं होती ती.

आणि त्या वर्षी मार्गशीर्षात गावपळण आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर चार वर्षांनी ग्रामदेव रवळनाथाला कौल लावतात. पाषाणाला लावलेली पाकळी उजवीकडून पडली की अख्खा गाव वेशीबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. चुली विझवायच्या, दारं ओढून घ्यायची, मागे वळून बघायचं नाही. तेवढे दिवस गाव देवाचा. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि देवाने हो म्हटलं तरच घरी यायचं. कुंड आल्यापासूनची ही पहिली गावपळण.

शर्वरीने महिनाभर आधी तयारी केली होती. कुंड बांधणाऱ्या संस्थेचे इंजिनीअर ऋत्विज साने पुण्यात असत. त्यांनी एक स्वयंचलित यंत्र पाठवलं. ते दर चार तासांनी टाकीतला साखरेचा अंश मोजून तेवढीच भुकटी सोडणार. भरणपात्राला कुलूप लावायचं आणि निर्धास्त जायचं. यंत्राची आठ दिवस चाचणी झाली. एकदाही चुकलं नाही.

निघायच्या सकाळी गाव देवळातून वाजतगाजत कुंडापाशी आला. लोकांनी कुंडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. गावकर, म्हणजे गावाचा मानकरी सुहास गावकर, ऐंशीचा म्हातारा, गाऱ्हाणं घालू लागला आणि सगळे होय म्हाराजा म्हणू लागले. त्या गर्दीत शर्वरीने पूजेसाठी पाचेक मिनिटं कुलूप काढलं होतं. मग लावलं. गाव खाडीपलीकडच्या माळावर गेला, झावळ्यांच्या खोपी घातल्या, तीन दगडांच्या चुली पेटल्या. पहिला दिवस जत्रेसारखा गेला. शर्वरी तेवढी दर तासाला फोन बघत होती. शेजारची वैभवी सगळ्यांना सांगत सुटली की आमच्या म्हशी खुंट्याला, आणि शर्वरीची म्हैस मोबाइलात बांधलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोनवर लाल रेघ आली. टाकीतला आंबटपणा वाढत होता. आंबटपणा वाढला की पीएचचा आकडा उतरतो; तो साडेसातावरून खाली येत पाचाजवळ पोचला होता. साडेचारला पडद्याच्या पेशी विरघळतात. पडदा गेला की मुळं मिठाने आतून जळतात, आणि नवी चटई वाढायला सात महिने लागतात. सात महिने म्हणजे अख्खा उन्हाळा. होडीने पाणी आणून अडीचशे घरं उन्हाळा काढू शकत नाहीत. तारखोलच्या आधी वरची दोन गावं अशीच पाण्यावाचून उठली होती आणि परत आली नव्हती.

तिने साने यांना फोन लावला. त्यांनी आकडे बघितले आणि विचारलं की टाकीत एवढी साखर कुठून आली. यंत्राने भुकटीचा एक कणही सोडलेला नव्हता, कारण त्याला टाकी आधीच भरलेली दिसत होती. कुणीतरी तीन दिवसांचं एकदम घातलं होतं आणि ते आंबत होतं.

शर्वरीने फोन खाली ठेवला तेव्हा रेश्माकाकू समोर उभी होती. हातातली पळी तशीच.

“खीर मी घातलंय गो,” ती म्हणाली. “तीन दिस उपाशी रवतला म्हणान.”

शर्वरी ओरडली असती तर काकूला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, किती. पाच लिटरचा टोप, काकू म्हणाली, गूळ घातलेला. पूजेच्या गर्दीत, पदराखालून, लेकराला शिदोरी बांधून द्यावी तशी तिने ती खीर ओतली होती.

मंडळी, अशी चूक दुष्टाकडून होत नाही. आणि टाकीला त्याने काही फरक पडत नाही.

शर्वरी गावकराकडे गेली. मला परत जायला हवं, म्हणाली. गावपळणीत वेशीच्या आत पाऊल टाकलेलं कुणाच्या आठवणीत नव्हतं. कुणी म्हणालं, यंत्र आहे, संस्था बघून घेईल. कुणी म्हणालं, देवापेक्षा पाणी मोठं झालं का. वैभवीचा सासरा म्हणाला की पाणी नसेल तर देवाला अंघोळ तू आपल्या घामाने घाल. दोन बाजू पडल्या आणि आवाज चढू लागले. तिकडे आकडा पाचाखाली गेला.

गावकराने हात वर केला. त्याने सांगितलं की गावपळणीला एक जुनी सवलत आहे. गडबडीत कुणाचं जनावर दावणीलाच बांधलेलं राहिलं, तर ते उपाशी मेल्याचं पाप सगळ्या गावाला लागतं. म्हणून दोघांनी जायचं, म्हणजे एकाला दुसरा साक्षी. वेशीच्या आत तोंडातून शब्द काढायचा नाही. विस्तव पेटवायचा नाही, घरात शिरायचं नाही, चारा तिथे घालायचा नाही. सोडवायचं आणि दिवस मावळायच्या आत बाहेर आणायचं.

मग त्याने शर्वरीला जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“ता खाता काय?”

“खाता.”

“कोणाच्या हातचा?”

“आमच्या.”

“सोडला तर आपणान चरात?”

“नाय.”

म्हाताऱ्याने जमलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली. “मग ता दावणीक बांधलेला आसा,” तो म्हणाला. “आणूक जावा.”

दुसरं कोण जाणार, हे कुणी विचारण्याआधीच रेश्माकाकूने पदर खोचला होता.

अकरा कळशा होडीत घातल्या. साने यांनी फोनवरून बजावलं होतं की मुळं हवेत आठ मिनिटांहून जास्त राहता कामा नयेत. कळशीत कुंडाचंच गाळलेलं पाणी भरायचं, दुसरं काही त्यात जाऊ द्यायचं नाही, वरून घट्ट बांधायचं. शर्वरीने काकूला हे दोनदा समजावलं, कारण पलीकडे बोलता येणार नव्हतं. काकूने मान हलवली.

भरती उतरायला लागली होती. तीनच्या आत होडी बाहेर काढली नाही, तर ती धक्क्याजवळच्या चिखलात रुतणार होती. दीड वाजता त्या पोचल्या.

रिकामा गाव तुम्ही कधी पाहिला आहे का? दारं लोटलेली, अंगणात सडा नाही, कावळासुद्धा नाही, कारण त्याला टाकायला कुणी नाही. कुंडाच्या खोलीचं दार उघडलं तसा आंबूस वास अंगावर आला. शर्वरीने टाकीचं झाकण काढलं. वरची चटई तपकिरी पडली होती. खालचे थर अजून पांढरे होते. तिने सुरी घातली आणि हातभर रुंदीचे तुकडे कापून कळशीत सोडायला सुरुवात केली. एक झाली, दोन झाल्या.

तिसऱ्या वेळी तिने वर बघितलं तर काकू चार कळशा घेऊन बाहेर गेलेली.

ती धावत धक्क्यावर आली. काकू ओहोटीच्या चिखलात गुडघाभर उतरली होती, कांदळाच्या झाडांपाशी, आणि दोन्ही हातांनी कळशीत काळा चिखल भरत होती. शिंपल्यांसकट, बोटाएवढ्या खेकड्यांसकट. शर्वरीने दोन्ही हात हलवले, नाही नाही म्हणून. काकूने तिच्याकडे बघितलं. मग चिखलाची मूठ छातीशी धरली, कांदळाच्या मुळांकडे बोट केलं, आणि पुन्हा मुठीकडे. मुळं यातलीच ना, असं ती म्हणत होती. शर्वरीने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. काकूने मान फिरवली आणि दुसरी कळशी भरायला घेतली.

शब्द असता तर सून जिंकली असती. आकडे तिच्याकडे होते, साने तिच्याकडे होते, आणि कालची चूक सासूच्या पदरात होती. एका वाक्यात तिने सासूला गप्प केलं असतं. पण शब्द काढता येत नव्हता आणि वेळ जात होता. शर्वरी परत वळली. सात कळशा तिने साने यांच्या सांगण्याप्रमाणे भरल्या. चार कळशा चिखलाच्या आल्या, त्यांतही दात आवळून तिने मुळं सोडली.

पावणेतीनला होडीचा तळ चिखलाला टेकला होता. दोघींनी खाली उतरून ती ढकलली. कांदळाच्या बुंध्यांना आणि दगडांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा वस्तऱ्यासारख्या. होडी हलत नव्हती. मग एकदम हलली. काकूचा पाय घसरला, तिचं तोंड उघडलं, आणि तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. शर्वरीला वाटलं की दम लागला असेल. वेस ओलांडून माळाकडच्या काठाला लागेपर्यंत काकूने तो बोळा काढला नाही. होडीच्या तळात पाणी तांबडं झालेलं शर्वरीला उतरताना दिसलं.

तळव्याला तीन खोल चिरा होत्या. हळद भरली, फडकं बांधलं. काकू म्हणाली, मुळांकडे बघ.

त्या संध्याकाळपासून माळावर एक नवा नेम सुरू झाला. दर चार तासांनी घरोघरच्या टोपातलं ताजं धुवण शर्वरीकडे येई. ती मापाने एकेका कळशीत घाली, आंबटपणा बघे, वास घेई. बायका म्हणत, आम्ही घालतो, तू जरा पड. पण प्रत्येकीचा हात सढळ. वैभवीने एकदा सांगितल्याच्या दुप्पट ओतायला घेतलं, तेव्हा शर्वरीने तिचं मनगट धरलं. त्यानंतर ती कळशांजवळून उठली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. कातडीवर जांभळे फोड. अंग भट्टीसारखं. खाडीचं पाणी जसं तापत गेलं तसे त्यात काही जिवाणू वाढत गेले आहेत. मिठाच्या कोमट पाण्यात ते राहतात आणि जखमेतून शिरतात. साखरेच्या दुखणेकऱ्याला ते तास मोजून देतात. होडी बोलावली. तालुक्याचं मोठं रुग्णालय तीन तासांवर.

त्याच वेळी साने यांच्या सांगण्याप्रमाणे बांधलेल्या सात कळशांपैकी तिसरीतून कुजका वास येऊ लागला होता. पहिल्या दोन आधीच गेल्या होत्या.

शर्वरी होडीपाशी उभी राहिली. एक पाय फळीवर, एक वाळूत. सोबत गेली तर कळशा इतरांच्या हाती. आणि ते हात कसे आहेत हे तिने बघितलं होतं. थांबली तर या बाईजवळ तिचं असं कुणी नाही. मुलगा दोन समुद्रांपलीकडे. शर्वरीने माझ्याजवळ कधी सांगितलं नाही की त्या क्षणी तिच्या मनात काय होतं. एवढंच म्हणाली की तिला काकूच्या खिरीचा राग अजून गेला नव्हता, आणि तो राग घेऊन तिला होडीत चढताही येईना, उतरताही येईना.

काकूने डोळे उघडले. सुनेच्या पायाकडे बघितलं.

“माका बघूक येव नको,” ती म्हणाली. “तेंका भूक लागतली.”

वैभवी होडीत चढली. शर्वरीने फळीवरचा पाय काढून घेतला.

त्या दिवशी दुपारपर्यंत सातही कळशा गेल्या. मुळं बोटाने दाबली तर भातासारखी सुटत होती. उरल्या चिखलाच्या चार. शर्वरीने त्यांचा आंबटपणा मोजला आणि हातातलं मापक बिघडलं असावं म्हणून पुन्हा मोजला. सात. मुळं पांढरी, टोकं नवी.

तिने साने यांना फोन केला. त्यांनी चारही कळशांचे आकडे पुन्हा विचारून घेतले. मग त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला सोप्या शब्दांत सांगतो. मुळांना लागलेला आंबटपणा तुकड्यांबरोबर कळशीत आला होता. स्वच्छ पाण्यात तो तसाच राहिला. चिखलात शिंपल्यांचा चुना होता, त्याने तो मारला. चिखलातले असंख्य सूक्ष्म जीव आंबलेलं खाऊन टाकत होते. खेकडे चिखल उकरून त्यात हवा खेळवत होते. वीस वर्षं संशोधन करून आम्ही बिऱ्हाडातून एक कामकरी उचलून आणला, साने म्हणाले, आणि त्याचं कुटुंब मागे ठेवलं. हे आमच्या कुणाच्या आराखड्यात नव्हतं, मॅडम.

शर्वरी म्हणाली, माझ्याही नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटे काकू गेली. वैभवीचा फोन आला तेव्हा शर्वरी धुवण गाळत होती. तिने ऐकलं, गाळून पूर्ण केलं, चारही कळशांत मापाने घातलं, आणि मग ती वाळूत बसली.

आता मी, देवाधर्माचा माणूस, तुम्हाला काय सांगू? ज्या चिखलाने मुळं वाचवली त्याच चिखलाने काकूला नेलं. मूठ एकच होती. मी पुष्कळ कीर्तनं ऐकली, पुष्कळ बुवांना विचारलं. कुणी म्हणतं तिची सेवा पोचली, कुणी म्हणतं तिचं प्रायश्चित्त झालं. मला दोन्ही पटत नाही. खाडी आपल्यावर रागावत नाही आणि प्रसन्नही होत नाही. ती आहे, आणि आपण तिच्या दारात आहोत. बाकीचं रवळनाथाला ठाऊक.

सकाळी कौल झाला. पाकळी उजवीकडून पडली. वेशीवर गावकराने गाऱ्हाणं घातलं. गुरावासरांना सांभाळ, कोंबड्याकुत्र्यांना सांभाळ, असं तो म्हणत गेला आणि गाव होय म्हाराजा म्हणत गेला. मग तो अडखळला आणि म्हणाला, कांदळाच्या मुळांना सांभाळ, चिखलाला सांभाळ, त्यातल्या किड्याखेकड्याला सांभाळ. लोक क्षणभर गोंधळले, कारण असं कधी म्हटलेलं नव्हतं. पहिला होय म्हाराजा शर्वरीने म्हटला. तिच्या डोक्यावर कळशी होती.

टाकी धुतली, तळाला हातभर चिखल घातला आणि चार कळशांतली मुळं सोडली. चिखलात ती साने यांच्या हिशेबाच्या कितीतरी पट वेगाने वाढली. एकोणीस दिवस बाहेरून होडीने पाणी आणलं. विसाव्या दिवशी नळाला धार आली, करंगळीएवढी. पूर्वीच्या निम्मं पाणी आजही येतं, आणि त्याला किंचित मातकट वास असतो. तारखोल उठलं नाही. आता किनाऱ्यावरच्या चाळीस गावांत अशी चिखलाची कुंडं आहेत आणि प्रत्येक कुंडाला त्याच्या त्याच्या खाडीचा चिखल लागतो. दुसरीकडचा चालत नाही.

कुंडावर संस्थेने पाटी लावली आहे. तिच्यावर साने यांचं नाव आहे, शर्वरीचंही आहे. तिसरं नाव घालायला हवं, असं शर्वरीने तीनदा लिहून कळवलं. उत्तर आलं की पाटीवर तांत्रिक योगदान दिलेल्यांचीच नावं असतात.

तर मंडळी, माझं मागणं हे. तुम्ही कधी त्या किनाऱ्याला गेलात, आणि कुणी तुमच्यापुढे मातकट वासाचा पेला ठेवला, तर नाक मुरडू नका. प्या. आणि पिताना रेश्मा कुबल हे नाव मनात एकदा घ्या. पाटीवर जागा नाही. तुमच्यात असू द्या.